चित्रमालिकेचे अध्यापन आणि निवेदकाचे स्थान : नाशिक परिसराच्या संदर्भात

१

अलीकडील काळात शालेय वर्गांत ऑनलाइन कॉमिक-निर्मितीच्या साधनांचा उपयोग होऊ लागला आहे. संगणकाच्या पडद्यावर रिकाम्या चौकटी मांडलेल्या असतात; तयार पात्रे, तयार पार्श्वभूमी आणि संवादाचे फुगे बाजूस ठेवलेले असतात; विद्यार्थ्याने ती उचलून चौकटीत बसवावयाची, फुग्यांत मजकूर लिहावयाचा आणि एखादा प्रसंग तीन-चार चौकटींत सांगावयाचा, असे या साधनांचे सामान्य स्वरूप आहे. या प्रकाराविषयी शिक्षकवर्गात दोन टोकांची मते आढळतात. एका मताप्रमाणे हे अध्यापनातील अगदी नवे युग होय. दुसऱ्या मताप्रमाणे तो अभ्यासाच्या वेषात आलेला केवळ करमणुकीचा प्रकार होय. ही दोन्ही मते एकाच समजुतीवर उभी आहेत. क्रमाने मांडलेल्या चित्रांच्या द्वारे शिकविणे ही गोष्ट आपल्याकडे पूर्वी नव्हती, ही ती समजूत. ती इतिहासास धरून नाही.

महाराष्ट्रात चित्रमालिकेच्या साह्याने कथन करण्याची परंपरा दीर्घ आहे, आणि त्या परंपरेच्या एका महत्त्वाच्या टप्प्याचा संबंध नाशिकशी येतो. या परंपरेचे अवलोकन केले असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. चित्रमालिका कधीही एकटी नव्हती. तिच्या शेजारी तिचा अर्थ सांगणारा, म्हणजे निवेदक, उभा असे. माध्यमे बदलत गेली तसे या निवेदकाचे स्थानही बदलत गेले. काही ठिकाणी तो चित्रात सामावला, काही ठिकाणी लोपला. आजच्या ऑनलाइन साधनांचे मूल्यमापन त्यांच्या नवेपणावरून न करता, ती निवेदकास कोठे आणि किती जागा देतात यावरून केले पाहिजे. इतिहास या विषयाच्या अध्यापनात तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे.

२

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या व्यावसायिकाचा उल्लेख चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘चित्रकथक’ या नावाने येतो. या वर्गाचे अलीकडील काळापर्यंत टिकलेले प्रतिनिधी म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी होत. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ही कला त्या भागात रुजली. रामायण, महाभारत व पुराणे यांतील एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची जुडी असते. तिला ‘पोथी’ म्हणतात. निवेदक चित्र प्रेक्षकांसमोर उभे धरतो, वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीवर प्रसंग गातो व सांगतो, आणि प्रसंग संपताच पुढील चित्र समोर आणतो. इ. स. २०२१ मध्ये पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या परंपरेकडे पुन्हा एकवार सर्वांचे लक्ष वेधले गेले.

या पोथीला ‘पोथी’ म्हटले जात असले तरी तिच्यात वाचण्यासारखा मजकूर नाही, ही गोष्ट चिंतनीय आहे. चित्रातील पात्रांचे संवाद चित्रात लिहिलेले नसतात. ते निवेदकाच्या मुखी असतात. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना मध्ये काय घडले हेही तोच सांगतो. दुसरी गोष्ट अशी की, या चित्रांतील आकृती ठरावीक साच्याच्या असतात. मोठ्या डोळ्यांचे, एका बाजूने दिसणारे चेहरे पुनःपुन्हा येतात. मुकुट, आयुध आणि वर्ण यांवरून पात्राची ओळख पटते. म्हणजे ‘तयार पात्रे’ ही कल्पना संगणकाने प्रथम आणली असे नव्हे. भेद इतकाच की, पिंगुळीच्या साच्यांचा संकेत चित्रकार, निवेदक आणि श्रोते या तिघांसही अवगत होता, आणि साच्यात जे मावत नसे ते निवेदकाची वाणी भरून काढीत असे.

हीच व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या यंत्रासह पुढे आली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचेवर रंगविलेली चित्रे पडद्यावर पाडावयाची आणि त्यांच्याबरोबर निवेदन व संगीत यांच्या आधारे कथा सांगावयाची, असे त्यांचे स्वरूप होते. साधन विलायती, चित्रे हाताने काढलेली आणि पद्धती चित्रकथ्याची, असा हा संयोग होता. चित्र हलू लागण्यापूर्वीचा हा शेवटचा टप्पा म्हणता येईल.

३

चित्र हलू लागले तेव्हा त्याचे सूत्र नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या एका पुरुषाच्या हाती होते. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील आरेखन, जादूचे प्रयोग व चित्रमुद्रण असे निरनिराळे व्यवसाय त्यांनी केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रकाशित झाला. त्यानंतर त्यांनी आपले निर्मितिकेंद्र नाशिकला हलविले आणि पुढील अनेक चित्रपट तेथे निर्माण केले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचे कार्यही नाशिकमध्येच चाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच त्यांचे निधन झाले.

शिक्षणाच्या दृष्टीने फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’पेक्षाही त्याच्या आधी, १९१२ मध्ये, तयार केलेला एक लघुपट अधिक महत्त्वाचा आहे. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या बीजापासून रोप कसे वाढते हे त्यांनी त्यात दाखविले. कॅमेरा एकाच जागी ठेवून दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रे घ्यावयाची व ती सलग दाखवावयाची, ही त्यातील युक्ती होती. आर्थिक साह्य करणाऱ्याची खात्री पटविणे हा या लघुपटाचा तात्कालिक हेतू होता. तथापि त्याचे तत्त्व अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने मूलगामी आहे. वाढ ही डोळ्यांना दिसत नाही; तिच्या दोन अवस्था शेजारी ठेवल्या की ती दिसते. चित्रमालिकेचे सामर्थ्य एका चित्रात नसून दोन चित्रांच्या संबंधात आहे, हे या प्रयोगाने सिद्ध केले. फाळक्यांनी पुढेही ‘आगकाड्यांची मौज’ यासारखे लघुपट काढले आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा चित्रपटही निर्माण केला. रंजनाबरोबर प्रक्रिया उलगडून दाखविण्याची हौस त्यांच्या ठायी होती, याचा हा पुरावा होय.

मूकपटात निवेदक कोठे गेला? तो शीर्षकपट्टीत गेला. दृश्य थांबवून पडद्यावर मजकूर दाखविला जाई. त्यात कधी संवाद, कधी काळवेळेचे निवेदन असे. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशांसाठी तो मजकूर प्रेक्षागृहात मोठ्याने वाचला जाई. म्हणजे चित्रकथ्याचे एक काम लिखित पट्टीकडे गेले व दुसरे कोणा वाचणाऱ्याच्या कंठाकडे राहिले. आजच्या कॉमिकमधील चौकटीच्या माथ्यावरील निवेदनपट्टीचे कार्य या शीर्षकपट्टीसारखेच आहे.

४

मुद्रित चित्रमालिकेचा इतिहास पाहता तिचा जन्मही शिक्षकाच्या हातून झालेला दिसतो. कोमेनियसच्या १६५८ मधील ‘ऑर्बिस पिक्टुस’ या सचित्र पाठ्यपुस्तकात चित्रातील प्रत्येक वस्तूस क्रमांक देऊन तो मजकुरातील शब्दाशी जोडला होता. परंतु त्यात कथा नव्हती. चौकटीमागून चौकट मांडून कथा सांगण्याची आधुनिक रीत रूढ केली ती जिनिव्हाच्या रोडॉल्फ टॉफर याने. तो एक निवासी शाळा चालवीत असे. आपल्या चित्रकथा त्याने प्रथम विद्यार्थ्यांच्या व स्नेह्यांच्या मनोरंजनासाठी काढल्या, आणि १८३० नंतरच्या दशकात त्या छापून प्रसिद्ध केल्या. शिळामुद्रणाच्या एका सोप्या प्रकारामुळे त्याला एकाच लेखणीने चित्र काढता येई व त्याखालील मजकूरही लिहिता येई. चित्र आणि निवेदन एकाच हातून उतरावे, ही सोय त्या साधनाने दिली. साधनाच्या स्वरूपाचा कथनाच्या स्वरूपावर परिणाम होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठी वाचकांच्या घरी कॉमिक्स मोठ्या प्रमाणावर आली ती १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’बरोबर. त्यांतील वेताळ आणि मँड्रेक ही पात्रे मराठी मुलांच्या परिचयाची झाली. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्रकथा’ सुरू झाली व तिच्या मराठी आवृत्त्याही निघाल्या. पुराणे व इतिहास यांचा परिचय मुलांना चित्रमालिकेतून करून देणे हा तिचा घोषित उद्देश होता. शालेय शिक्षणातील चित्रकथेचे स्थान या विषयावर १९७८ मध्ये दिल्लीत परिसंवादही भरविला गेला. पुढे १९९१ मध्ये ‘सकाळ’ या दैनिकात चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ ही चित्रमालिका सुरू झाली आणि घरगुती मराठी बोली दररोज चौकटीत दिसू लागली.

मुद्रित चित्रकथेने मुलांना वाचनाची गोडी लावली यात शंका नाही. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने तिच्यात एक उणीव होती. निवेदक आता अदृश्य झाला होता. पिंगुळीच्या श्रोत्यास कथा कोण सांगत आहे हे समोर दिसे. त्यास प्रश्न विचारता येई. छापील चौकटीतील निवेदन कोणाचे, कोणत्या आधारावर केलेले, हे मुलास कळण्यास मार्ग नव्हता. शिवाय विद्यार्थी केवळ वाचक राहिला. कोणता प्रसंग घ्यावा, कोणता गाळावा, चौकट कोठे तोडावी, हे सर्व निर्णय अन्य कोणी आधीच घेतलेले होते.

५

ऑनलाइन साधनांनी जो बदल केला तो नेमका येथे. २००० नंतरच्या पहिल्या दशकात ‘मेकबिलीफ्स कॉमिक्स’, भारतात तयार झालेले ‘टूनडू’, कॅनडातील ‘पिक्स्टन’ व ‘बिटस्ट्रिप्स’ अशी अनेक साधने पुढे आली; त्यानंतर ‘स्टोरीबोर्ड दॅट’सारख्यांची भर पडली. ज्यास चित्र काढता येत नाही अशा विद्यार्थ्यासही त्यांच्यायोगे चित्रमालिका रचता येऊ लागली. चित्र काढण्याचे कौशल्य आणि चित्रे क्रमाने मांडण्याचे कौशल्य ही दोन निराळी आहेत, हे यामुळे प्रथमच स्पष्ट झाले. पहिले कौशल्य साधनाने आपल्याकडे घेतले. दुसरे विद्यार्थ्याच्या स्वाधीन केले. वाचक असलेला विद्यार्थी पुन्हा कथक झाला. या साधनांचा खरा लाभ हाच होय.

तथापि त्यांच्या तीन मर्यादा विसरता येत नाहीत. पहिली मर्यादा टिकाऊपणाची. शाळांसाठीच्या ‘बिटस्ट्रिप्स’ आवृत्तीस ओंटारियो प्रांताच्या शिक्षण खात्याने मान्यता देऊन ती शाळांना उपलब्ध केली होती. २०१६ मध्ये ती कंपनी विकली गेली व ती शालेय सेवा बंद झाली. ‘टूनडू’ही आज अस्तित्वात नाही. या पिढीतील अनेक साधने ज्या ‘फ्लॅश’ या तंत्रावर चालत त्याचा आधारच ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला. कागदावरची पिंगुळीची पोथी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. संगणकावर केलेले वर्गातील काम एका कंपनीच्या निर्णयासरशी नाहीसे होऊ शकते. म्हणून अशा कामाची प्रत कागदावर उतरवून ठेवणे हा शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

दुसरी मर्यादा लिपीची. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने नंतर येते पण लिहिताना आधी येते. जोडाक्षरांत वर्णांची रूपे बदलतात. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडविलेल्या साधनांत ही व्यवस्था नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूस पडते आणि जोडाक्षरे फुटतात. मग विद्यार्थी मराठीचा नाद सोडून इंग्रजीत लिहितो, अथवा मराठी रोमन लिपीत लिहितो. संवादाच्या फुग्यात बोली लिहिण्याची जी दुर्मीळ संधी मिळाली असती ती अशा वेळी वाया जाते. साधन निवडताना प्रथम ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द लिहून पाहावा; तो शुद्ध उमटला तर इतर गुणदोषांचा विचार करण्यास हरकत नाही.

तिसरी मर्यादा तयार पात्रांची. तिचे गांभीर्य इतिहासाच्या तासाला सर्वांत अधिक जाणवते, आणि ते समजून घेण्यास नाशिकइतके उपयुक्त क्षेत्र क्वचितच सापडेल.

६

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात हे लेणे भदावनीय भिक्षुसंघास दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्याच लेखात तिचा दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची विस्तृत प्रशस्ती येते. शक, यवन व पह्लव यांचा त्याने संहार केला, खखरात वंशाचा उच्छेद केला, आणि त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्राशन केले, असे त्यात वर्णन आहे.

हा लेख चार चौकटींत मांडण्यास विद्यार्थ्यास सांगितले तर काय होईल? समुद्रकाठी पाणी पिणारे घोडे ही चौकट तो आनंदाने रचील. पण मूळ लेखातील ते विधान घटनेचे वृत्त आहे की राजस्तुतीचा संकेत आहे? शब्दांत ‘असे म्हटले आहे’ एवढे जोडून हा भेद राखता येतो. चित्रास ‘म्हटले आहे’ असे म्हणता येत नाही. चित्र दाखविते, आणि जे दाखविले ते घडले असे पाहणाऱ्यास वाटते. प्रशस्तीचे वृत्तात रूपांतर होण्याचा धोका चित्रमालिकेत असा अंगभूतच आहे.

तयार पात्रांमुळे तो दुणावतो. बलश्रीचे वर्णन लेखात सत्य, दान, क्षमा, अहिंसा व तप यांत रमणारी असे केले आहे; तिचे रूप वा वेष लेख सांगत नाही. परंतु चौकट रिकामी ठेवता येत नाही. साधनाच्या संग्रहात जी ‘राणी’ असेल, मग ती युरोपीय मुकुट घातलेली असो की उत्तरकालीन दरबारी वेषातील असो, ती तेथे जाऊन बसते. अज्ञान झाकले जाते, आणि ते झाकले गेले आहे हेही कोणास कळत नाही.

यावर उपाय साधनाचा त्याग करणे हा नव्हे. उपाय निवेदकास परत बोलावण्यात आहे. प्रत्येक चौकटीच्या माथ्यावर निवेदनपट्टी घालावी आणि तीत हे कोण सांगत आहे ते विद्यार्थ्याने लिहावे. समुद्रकाठच्या घोड्यांवर ‘मातेने कोरविलेल्या लेखाप्रमाणे’ एवढे शब्द येताच चित्राचा अर्थ पालटतो. ही कथा पुत्राच्या मृत्यूनंतर, नातवाच्या राज्यात, आईने सांगितलेली आहे हे उमगते. आणि सांगणारी व्यक्ती कळली की सांगण्याचा हेतू विचारता येतो. आधारग्रंथाची चिकित्सा या नावाने पदव्युत्तर वर्गात जी गोष्ट शिकवावी लागते तिचा प्रारंभ अशा रीतीने शाळेतच होऊ शकेल.

दुसरे उदाहरण त्याच इतिहासाच्या दुसऱ्या साधनाचे आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा निधी सापडला. ही नाणी क्षहरात राजा नहपान याची असून त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. राजाच्या मुखाकृतीवर तीन कमानींचा पर्वत व उज्जयिनी चिन्ह उमटलेले दिसते. खालचा चेहरा व अक्षरे अनेक नाण्यांवर अंशतः शिल्लक राहतात. एकाच धातूच्या तुकड्यावर आधीची आणि नंतरची अशा दोन अवस्था येथे एकत्र दिसतात. फाळक्यांच्या वाटाण्याच्या रोपाप्रमाणे बदल स्वतःच दृश्य झाला आहे.

या निधीची चित्रमालिका करताना पहिल्या चौकटीत नहपानाचे नाणे, दुसरीत त्याचा पराभव, तिसरीत टांकसाळीतील हातोडा आणि चौथीत १९०६ मधील शोध, अशी मांडणी सहज सुचेल. येथे चौकटींपेक्षा त्यांच्या मधील जागा अधिक शिकवितात. दुसरी व तिसरी यांच्या मध्ये प्रश्न आहे : नाणी वितळवून नवी का पाडली नाहीत, जुन्यांवरच ठसा का मारला? तातडी होती म्हणून, की जित राजाच्या मुखावर विजेत्याची मुद्रा लोकांना दिसावी म्हणून? तिसरी व चौथी यांच्या मध्ये बोटभर जागेत सुमारे अठराशे वर्षे गेली आहेत, आणि निधी कोणी व का पुरला हा प्रश्न त्याच जागेत पडून आहे. पिंगुळीचा निवेदक एक चित्र खाली ठेवून दुसरे उचलीपर्यंत जे बोलत असे, ते बोलण्याचे स्थान हेच. विद्यार्थ्याने मालिका पूर्ण करून शिक्षकाच्या स्वाधीन केली म्हणजे पाठ संपला असे मानले तर ही जागा मुकी राहते. त्याने ती वर्गासमोर उभी राहून सांगितली आणि सहाध्यायांनी मधल्या जागांविषयी प्रश्न विचारले, तर ती बोलू लागते.

७

या संदर्भात नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याने कसे शिकावे हा दूरशिक्षणाचा मूळ प्रश्न आहे, आणि स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांत मजकुरानेच शिक्षकाची भूमिका घ्यावी असा प्रयत्न केला जातो. ऑनलाइन चित्रमालिकेपुढील प्रश्नही स्वरूपतः तोच आहे. माध्यम दूर गेलेल्या निवेदकाची जागा कशी भरते, यावर त्याचे शैक्षणिक मोल ठरते.

उपर्युक्त विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. चित्रकथ्याकडे चित्र व वाणी दोन्ही होती, आणि विद्यार्थी श्रोता होता. मूकपटात वाणी शीर्षकपट्टीत आली. मुद्रित चित्रकथेत ती निनावी झाली. ऑनलाइन साधनाने चित्र तयार दिले व मांडणीचा अधिकार विद्यार्थ्यास दिला. वाणीची जागा मात्र रिकामी ठेवली. ती जागा साधन भरणार नाही. निवेदनपट्टीत आधाराचा निर्देश, फुग्यात शुद्ध व स्वाभाविक मराठी, आणि वर्गासमोर तोंडी कथन, या तीन गोष्टींचा आग्रह शिक्षकाने धरला तर तयार पात्रांच्या साच्यातूनही चांगले अध्यापन होऊ शकेल. तो धरला नाही, तर बलश्रीच्या मस्तकावर परका मुकुट चढेल आणि तो तिचाच आहे असे समजणारी एक पिढी त्याच नाशिकमध्ये वाढेल, जेथे तिचा स्वतःचा शब्द आजही लेण्याच्या भिंतीवर वाचता येतो.